काजळीतली फेरी

शहरातली कोणती बस कोणत्या थांब्यावर किती वाजता येणार हे ज्या टेबलावर ठरायचं, त्या टेबलामागे ती एकोणतीस वर्षं बसत होती. डेपोत तिला सगळे मिनिटबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि शेवटी तिनंच ते नाव अंगवळणी पाडून घेतलं. एखाद्या रस्त्याचं काम निघालं की बाकीचे नकाशा उघडायचे. ही मात्र घड्याळ आणि वही घेऊन स्वतः त्या बसमध्ये जाऊन बसायची, आणि कुठल्या खड्ड्यापाशी किती वेळ गेला ते टिपून आणायची. ड्रायव्हर मंडळींचा तिच्यावर जीव होता. कारण साधं होतं. प्रत्येक फेरीच्या टोकाला ती चार मिनिटं जास्तीची धरायची. वरून विचारणा झाली तर म्हणायची, "माणूस आहे तो, स्टेअरिंग नाही. पाणी प्यायला नि पाय मोकळे करायला चार मिनिटं लागतातच." साहेब बदलत गेले, चार मिनिटं जागची हलली नाहीत.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने त्यानं घरातलं खोलता येईल ते सगळं खोललं. मिक्सर, टेबलफॅन, दाराची कडी. परत बसवल्यावर दर वेळी एक स्क्रू उरायचा, आणि तो म्हणायचा, "हा कंपनीनं उगाचच घातला होता." शेवटी लेकीनं शहाणपणा करून बापाच्या फोनवर एक खेळ घालून दिला. घरातल्या वस्तू वाचल्या, पण माणूस हातचा गेला. सकाळचा चहा गार होईपर्यंत त्याचं डोकं वर निघत नसे.

खेळाचं नाव 'दोन सूर्य'. अंतराळात जहाज घ्यायचं, त्यात माल भरायचा आणि या ग्रहावरून त्या ग्रहावर नेऊन टाकायचा. ना बंदुका, ना राक्षस. मिनिटबाईनं तिकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दिवसभर गाड्या हाकून झाल्यावर घरी कोण पुन्हा जहाजं हाकणार?

एका रविवारी दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. नवरा खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता आणि फोनवर चिडत होता.

"हे बनवणाऱ्यांना काडीची अक्कल नाही."

"आता काय झालं?"

"अगं, बादलीवर पोचलं की जहाज अडूनच बसतं. माल उतरवला, नवा भरला, तरी हलत नाही. चार मिनिटं! घड्याळ लावून बघितलं मी. बरोब्बर चार."

तिच्या हातातला शर्ट हातातच राहिला.

"कशावर पोचलं की?"

"बादली. ग्रह आहे तो, सगळं पाणीच पाणी. एकेक नावं तरी काय शोधलीत! बादली, चाळणी, फुंकर. सूर्य दोन, तर एक थोरली नि एक धाकटी. मधे हा खडीपट्टा, लघुग्रहांचा. यात माझी तीन जहाजं फुटली. ही इकडे वाफ. आणि पुढच्या सोमवारी काजळी उघडणार आहेत म्हणे. आजवर तिथं कुणालाच जाऊ देत नव्हते."

तिनं त्याच्या हातातून फोन घेतला. पडद्यावर एक मोठा पिवळा सूर्य आणि त्याच्या कडेकडेनं फिरणारा लहानसा विटकरी सूर्य. मधे करड्या दगडांचा रुंद पट्टा, एकेक दगड आपल्या चालीनं गरगरत चाललेला. डावीकडे पांढुरका, आतून उजळलेला तेजोमेघ. आणि उजव्या कोपऱ्यात, जिथं तारे दिसायला हवेत तिथं, कुणी तळहातानं कोळसा फासावा तसा काळा डाग.

"हे खडूनं केलंय," ती म्हणाली.

खडू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो कॉम्प्युटरवर काहीतरी चित्रांचं काम करतो एवढंच तिला ठाऊक होतं. एकाच शहरात राहून दोघांची गाठ पडायची ती वाढदिवसाला, आजारपणाला नाहीतर कुणाला पोचवायला. भांडण असं काही नव्हतं. भांडण असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं.

आणि हे सगळं, हे दोन सूर्य नि त्यांचा सगळा पसारा, पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्या दोघांनी मागच्या खोलीच्या फरशीवर काढला होता.

त्यांची आई टेलिफोनच्या ऑफिसात दुपारी दोन ते आठ कामाला असे. शाळेतून आलेल्या पोरांना जेवायला घालून ती बाहेरून कुलूप लावायची आणि चावी पर्समध्ये टाकून निघायची. ताई तेव्हा नऊ वर्षांची, भाऊ पाच. बाबा त्याच वर्षी घर सोडून गेले होते. कुठे नि का, ते आईनं सांगितलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती. सहा तास दोन खोल्यांत काय करायचं? भावाच्या हातात कायम खडू, म्हणून त्याचं नाव खडू. तो काढत सुटला. थोरली पिवळ्या खडूची, धाकटी विटेच्या तुकड्याची. बाहेर रस्त्याचं काम चालू होतं, तिथली खडी शाळेतून येताना खिसे भरभरून आणली आणि फरशीवर मधोमध पसरली. कामावरून आलेल्या आईच्या पायाखाली लघुग्रह आले, की ती असं काही ओरडायची की खाली इस्त्रीवाला हातातली इस्त्री बाजूला ठेवून वर बघायचा. त्याच्याच दुकानातून वर येणारी वाफ पाहून त्यांनी पांढरा तेजोमेघ काढला. तिथं नवे तारे शिजतात, असं ठरलं होतं.

चित्रं त्याची, पण वेळापत्रक तिचं. शर्टाची बटणं म्हणजे प्रवासी जहाजं, कोटाचं मोठं बटण म्हणजे मालवाहू. ती आईचं गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन बसायची. बादली ते चाळणी सात मिनिटं, खडीपट्टा मधे आला तर अकरा. बादलीवर चार मिनिटं थांबायचं, कारण भावाला मधेच पाणी प्यायचं असे.

काजळीही तिचीच. एक दिवस भावानं विचारलं, "ताई, बाबा कुठे गेले?" तिनं चुलीपाशी पडलेला कोळसा उचलला, कपाटाखालचा सगळा कोपरा काळा केला आणि म्हणाली, "इथं गेलेत. ही काजळी. इकडची फेरी अजून सुरू झालेली नाही."

त्यानं मान डोलवली. जहाजं तिकडे कधीच गेली नाहीत. आणि पुढे तीन वर्षांनी, एका सोमवारी, तिनं बादलीभर पाणी आणि घासायचा ब्रश घेऊन सगळी फरशी धुऊन काढली. भाऊ दारात उभा राहून बघत होता. रडला नाही. तेवढं तिला नीट आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्या ऑफिसात गेली. बस सहा मिनिटं उशिरा आली, पण आज तिनं ते वहीत टिपलं नाही. पडद्याच्या कापडाच्या दुकानावर तिसरा मजला. बाहेरच्या टेबलावरच्या मुलीनं "आपण कोण?" असं विचारलं, तर "त्याची ताई" एवढंच म्हणून ती सरळ आत गेली. सात-आठ माणसं कानांवर हेडफोन चढवून बसली होती. समोरच्या भिंतीवर, छतापासून जमिनीपर्यंत, तीच फरशी. खडीपट्ट्यातला तो तीन टोकांचा दगडसुद्धा जागच्या जागी होता.

खडू काचेच्या खोलीत होता. केस पिकलेले, चष्मा कपाळावर. तिला पाहून तो उठला आणि तसाच उभा राहिला.

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या भावजींचं जहाज बादलीवर चार मिनिटं अडतंय."

त्याला हसू आलं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ते ओठांवरच विरलं.

"मला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही?" ती म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत, माझा नवरा ते तोंडपाठ म्हणून दाखवतो, आणि मी आपली घड्या घालतेय."

"काय सांगायचं? तू ते पुसलंस, ताई. हातानं घासघासून. मी आठ वर्षांचा होतो. मला वाटलं, हिला हे नकोय. मग बेचाळीस वर्षं ना तू विषय काढलास, ना मी."

"मग आता चार मिनिटं कशाला ठेवलीस?"

"माझे लोक रोज डोकं खातात, काढून टाका म्हणून. मला काढवली नाहीत." तो खुर्चीत बसला. "म्हटलं, कधी तरी तिच्या कानावर जाईल. दुसऱ्या कुणाला कळणार नाही, पण ताईला कळेल."

रागाची सगळी तयारी करून आलेलं माणूस, आणि राग ठेवायला जागाच मिळेना. तिनं भिंतीवरच्या काळ्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"आणि ते का उघडतोयस?"

"बाबा गेले तेव्हा जेवढे होते, त्याच्यापेक्षा मी आता मोठा आहे. वाटलं, एकदा आत जाऊन बघावं." त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण आत काय ठेवायचं तेच सुचत नाही. तीन महिने झाले. ही पोरं रोज विचारतात, सर, काजळीत काय आहे? मी म्हणतो, उद्या सांगतो."

काजळीत काय आहे ते या जगात एका तिलाच ठाऊक होतं. आईलासुद्धा तिनं ते सांगितलं नव्हतं. आता आईही नव्हती.

"दार लाव," ती म्हणाली.

त्यानं काचेचं दार लावलं.

"बाबा एकदा आले होते. मी बारा वर्षांची होते. गुरुवार होता, साडेचार वाजले असतील. पुढच्या खोलीच्या गॅलरीकडच्या खिडकीवर टकटक झाली. बघते तर बाबा. दाढी वाढलेली, हातात कागदाची पिशवी. म्हणाले, दार उघड. मी म्हटलं, कुलूप आहे, चावी आईकडे आहे. मग म्हणाले, धाकटा कुठंय? बोलाव त्याला."

"मी कुठे होतो?"

"मागच्या खोलीत. खडीपट्ट्यातून जहाज काढत होतास. तोंडानं आवाज करत होतास."

"आणि?"

"मी म्हटलं, झोपलाय."

बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं. काचेमुळे आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"ते म्हणाले, रविवारी येतो, आई असताना. पिशवी गजांतून आत द्यायला लागले, मी घेतली नाही. मी मागच्या खोलीत आले तर तू विचारलंस, कोण होतं? मी म्हटलं, कुणीतरी पत्ता विचारत होता. रविवारी मी सकाळपासून खिडकीत बसले. यावेत म्हणून बसले होते की येऊ नयेत म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. ते आले नाहीत. सोमवारी मी फरशी धुतली."

खडूनं टेबलाच्या कडेवर बोटं टाकत काहीतरी मोजलं.

"दहा पावलं," तो म्हणाला. "पुढची खोली ते मागची खोली. दहाच."

"हो."

"का म्हणालीस तसं?"

"आई रोज रात्री आठनंतर येऊन पाय दाबत बसायची. ते तीन वर्षांनी उगवून म्हणतात, बोलाव त्याला. तू गेला असतास धावत. मला तू जायला नको होतास. तेवढंच. बाकी सगळं मी नंतर जोडत आलेय."

"जा ताई आता," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

पुढच्या सोमवारी काजळी उघडली नाही. नवऱ्यानं दिवसभर त्रागा केला. "काहीतरी अडचण आलीय म्हणे. यांचं नेहमीचंच. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात!" तिकडे मिनिटबाईचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. ऑफिसात तिनं एका मार्गाच्या दोन बसगाड्या एकाच वेळी एकाच थांब्यावर आणून उभ्या केल्या. एकोणतीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं, आणि ड्रायव्हरांनी तिला काही न म्हणता ते आपसात निभावून नेलं. घरी आल्यावर नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "बारा वर्षांच्या पोरीच्या अंगावर अख्खी लिफ्ट टाकली होती सगळ्यांनी. दोर तुटला नाही हेच नशीब." मग उठून त्यानं चहा केला. चहा फारच गोड झाला होता.

सतराव्या दिवशी खडू डेपोत आला. घरी नाही, डेपोत. ड्रायव्हरांच्या खोलीतल्या बाकावर पंधरा मिनिटं बसला आणि ती बाहेर आल्यावर, नमस्कार-चमत्कार काही न करता, म्हणाला, "शोध लागला. बाबा कामाला होते त्या जुन्या छापखान्यातल्या एका माणसाकडून. सहा वर्षांपूर्वी वारले ते. भाड्याची खोली होती. बसनं साडेचार तास. मी शनिवारी जातोय."

"मी येऊ?"

"येतेस का विचारायलाच आलोय ना! नाहीतर फोन नसता केला?"

शनिवारी दोघं गेली. ते गाव तिनं बसच्या पाट्यांवर हजारदा वाचलं असेल, पाहिलं मात्र पहिल्यांदाच. घराची मालकीण म्हातारी शिंपीण होती. मशीनवरचं कापड बाजूला न करताच बोलली. चौदा वर्षं राहिले. भांडण नाही, तंटा नाही, बोलणंही नाही. छापखान्याच्या कामानं डोळे गेले होते, तरी पेपर नाकाला लावून वाचायचे.

"कधी आमच्याबद्दल... मुलांबद्दल काही बोलायचे?" खडूनं विचारलं.

बाईनं खरंच आठवून पाहिलं. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"नाही हो," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू? कधीच नाही."

खोलीत आता दुसरं कुणी राहत होतं. दारातूनच पाहिलं. खाट, टेबल, दोरीवर टॉवेल, आणि एक खिडकी, जिच्यासमोर शेजारच्या घराची भिंत. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी दोघं तिथून लगेच हलली नाहीत.

परतीची बस अर्ध्या रस्त्यात आली. मग खडू म्हणाला, "मी हाक ऐकली असती तर गेलो असतो. तू म्हणालीस ते बरोबर आहे."

"माहीत आहे मला."

"आणि तू झोपलाय म्हणालीस, ते मी विसरणार नाही."

"नको विसरूस," ती म्हणाली. "मीही विसरलेली नाही."

तेवढं झाल्यावर त्याचे खांदे जरा सैल झाले. त्यानं पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून तिच्यापुढे धरला. तिनं दोन घेतली.

"खडू, खऱ्या काजळीत काय असतं रे? आकाशातल्या?"

"धूळ. दुसरं काही नाही. बारीक, थंड धूळ. मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवते, म्हणून आपल्याला लांबून भोक पडल्यासारखं दिसतं."

"आणि आत गेलं तर? डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही, असं?"

"नाही ना! तीच तर गंमत आहे. धूळ इतकी विरळ असते की आत असल्याचं कळतही नाही. बाहेरचे तारे दिसत नाहीत, एवढंच. जवळचं सगळं स्वच्छ दिसतं. आपलं जहाज, आपला हात, शेजारी बसलेलं माणूस."

खिडकीबाहेर विजेचे खांब एकामागून एक मागे जात होते.

"मग तसंच ठेव की," ती म्हणाली. "बाबांना तिथं मी नेऊन ठेवलं होतं, तू नाहीस. मी त्यांना काढून घेते. आता जे उरेल ते तसंच राहू दे."

"लोक म्हणतील, एवढी वाट बघायला लावलीत आणि आत काहीच नाही?"

"म्हणू देत. काहीच नाही कसं? जहाज आहे, माणूस आहे."

मग त्यानं खिशातून एक कागद काढला आणि दिवे, वेग, असलं काहीतरी खरडू लागला. बस हिंदकळली की रेघ वाकडी जायची नि तो पुटपुटायचा. मधेच त्यानं विचारलं, "पार व्हायला किती वेळ ठेवू? मी अर्धा तास धरलाय."

"अर्ध्या तासात माणूस कंटाळून झोपेल. एकोणीस मिनिटं."

"एकोणीसच का? वीस का नाही?"

"वीस म्हटलं की कुणालाच खरं वाटत नाही. अंदाजे सांगितल्यासारखं होतं."

काजळी आणखी दोन महिन्यांनी उघडली. काहींनी कंपनीला शिव्या घातल्या. काही जण आत जाऊन तिथंच जहाज उभं करू लागले, सोबत दुसरं जहाज असलं की जास्तच वेळ. नवरा म्हणाला, "छान आहे, डोळ्यांना थंडावा वाटतो," आणि लगेच खडीपट्ट्यात चौथं जहाज फोडून बसला.

भावाबहिणीत सगळं गोडीगुलाबीनं सुरळीत झालं असं नाही. मधेच एखाद्या शब्दावरून तो गप्प व्हायचा, आणि मग तीही त्याला उकरून काढायच्या फंदात पडायची नाही. पण दर गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन येऊ लागला. पलीकडच्या टोकाला त्यानं एक नवा ग्रह काढला होता, उंबरा नावाचा, आणि तिथली जहाजं एकमेकांच्या वाटेत येत होती.

"ताई, उंबऱ्याला दिवसातून दोन फेऱ्या पुरतील ना?"

"ते मला काय विचारतोस?" मिनिटबाई वही पुढे ओढत म्हणायची. "आधी प्रवासी किती ते सांग."